कबर सगळ्यात शेवटी: देवगिरी ते खुलताबाद, एका राजाच्या मागावर

एखाद्या राजाची कबर किंवा समाधी बघायला निघालात तर थेट तिच्यापाशी जाऊ नका. ती शेवटी ठेवा. तो कसा हरला ते आधी समजून घ्या, मग त्याला जिथे कोंडलं तिथे जा, आणि ऊन कलल्यावर कबरीपाशी पोचा. खुलताबाद तालुक्यातल्या शाळांमध्ये मी इतिहास शिकवला आणि लेकरांना घेऊन हा रस्ता वर्षानुवर्षं केला. कबर आधी दाखवली तर पोरं दोन मिनिटांत विचारतात, "बाई, झालं का?" तीच पोरं देवगिरीवरून फिरवून आणली की कबरीपाशी प्रश्न विचारून भंडावून सोडतात.

हा राजा म्हणजे अबुल हसन कुतुबशहा, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान. लोक त्याला तानाशाह म्हणतात. औरंगजेबाच्या कबरीमुळे खुलताबादचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण औरंगजेबानं ज्याचं राज्य बुडवलं तो राजाही याच गावात पुरलेला आहे, हे आमच्या भागातल्या कित्येकांना माहीत नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मराठी माणसाचा या राजाशी जवळचा संबंध आहे. 1677 मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज आधी भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, याच अबुल हसनच्या भेटीला गेले होते. त्याचे कारभारी मादण्णा आणि आकण्णा या दोघा भावांनी ही मैत्री जुळवून आणली होती. महाराजांना तिथून पैशाची आणि तोफखान्याची मदत मिळाली. शाळेच्या पुस्तकात ही भेट एका ओळीत संपते. लेकरांना ती नीट सांगून मगच बसमध्ये बसवा.

पुढचं निघण्याआधी एवढंच सांगा. 1686 मध्ये मादण्णा-आकण्णांचा खून झाला आणि त्याच वर्षी विजापूर पडलं. 1687 मध्ये औरंगजेबानं गोवळकोंड्याला वेढा घातला. किल्ला आठ महिने झुंजला आणि शेवटी फितुरीनं पडला: अब्दुल्लाखान पनी नावाच्या सरदारानं रात्री दार उघडून दिलं. अब्दुर रज्जाक लारी हा दुसरा सरदार मात्र अंगावर असंख्य जखमा घेऊन शेवटपर्यंत लढला. मुघल अंमलदार पकडायला आले तेव्हा अबुल हसन जराही डगमगला नाही. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून तो शांतपणे जेवायला बसला आणि आलेल्यांनाही त्यानं बसायला सांगितलं, असं खाफीखान या त्या काळच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. त्यानंतर त्याला देवगिरीवर, म्हणजे दौलताबादला, आणून ठेवलं.

हा क्रम सुचला कुठून

मुलीच्या बाळंतपणाला मी इंग्लंडात लेस्टरला गेले होते. ते गाव एका राजाच्या हाडांमुळे जगभर गाजलं. तिसरा रिचर्ड 22 ऑगस्ट 1485 ला बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. जिंकणाऱ्यांनी प्रेत लेस्टरला आणलं, लोकांना दाखवलं आणि ग्रेफ्रायर्स नावाच्या मठात पुरलं. 1538 मध्ये मठ मोडीत निघाला, दगड कुणी कुणी नेले, त्या जागी बाग झाली, मग इमारती आल्या आणि शेवटी गाड्या लावायचं आवार. मधल्या काळात गावभर बोलबाला झाला की राजाची हाडं उकरून सोर नदीत फेकली. नदीवरच्या पुलाजवळ तशा अर्थाची पाटीसुद्धा लागली.

पण 1612 मध्ये क्रिस्टोफर रेन नावाच्या शिक्षकानं एक गोष्ट नोंदवून ठेवली होती. (लंडनचं सेंट पॉल बांधणाऱ्या रेनचे हे वडील.) लेस्टरच्या एका जुन्या नगराध्यक्षाच्या, रॉबर्ट हेरिकच्या, बागेत त्यांनी दगडी खांब पाहिला होता आणि राजा इथे पुरला आहे असं त्याच्यावर कोरलेलं होतं. हेरिकची बाग म्हणजे जुन्या मठाचीच जागा. जुने नकाशे, अशा नोंदी आणि मठाची रचना यांचा मेळ घालून 25 ऑगस्ट 2012 ला खोदायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. पाठीचा कणा वाकडा होता, डोक्यावर घाव होते. राजाच्या बहिणीच्या वंशात, आईकडून आईकडे चालत आलेल्या धाग्यातल्या जिवंत माणसांशी डीएनए जुळला. 4 फेब्रुवारी 2013 ला ही ओळख जाहीर झाली आणि 26 मार्च 2015 ला राजाचं तिथल्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा दफन झालं.

म्हणजे कानावर आलेली गोष्ट खोटी निघाली आणि एका माणसानं डोळ्यांनी बघून लिहिलेली ओळ खरी ठरली. हे ऐकून मी त्याच रात्री वहीत दोन रकाने आखले. त्यांचं पुढे सांगते. तिथलं प्रदर्शनही क्रमानं मांडलेलं आहे: आधी राजाची गोष्ट, मग खोदकाम, शेवटी काचेखाली ती जागा, आणि रस्ता ओलांडला की कॅथेड्रलमधली नवी कबर. आपल्याकडे इतकी मोठी वास्तू उभारलेली नाही, पण आपल्या राजाचा तुरुंग अजून उभा आहे. लेस्टरकडे तसलं काही नाही.

दिवस कोणता, सोबत काय

हिवाळा सगळ्यात चांगला. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. उन्हाळ्यात लेकरांना नेऊच नका, गडावरचा काळा दगड दहाच्या पुढे पाय ठेवू देत नाही. श्रावणातले शनिवार आणि हनुमान जयंती टाळा, कारण खुलताबादच्या भद्रा मारुतीला संभाजीनगराहून लोक पायी येतात आणि रस्ता भरून जातो. रबिउल अव्वल महिन्यात खुलताबादचा उरूस असतो. तेव्हा उरूस बघायला जरूर जा, पण कबरी शांतपणे बघणं त्या गर्दीत होणार नाही. जोडून वेरूळची लेणी करायची असतील तर मंगळवार सोडा, लेणी बंद असतात.

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणाऱ्या एसट्या मिळतात. गाडी गडाच्या पायथ्याशी थांबेल का, हे चढतानाच वाहकाला विचारून घ्या. शहरापासून गड पंधराएक किलोमीटर, आणि तिथून खुलताबाद आणखी दहा-बारा.

सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माणशी दोन बाटल्या पाणी घ्या. बॅटरी घ्या, गडावरच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, मोबाईलचा उजेड पुरत नाही. पाय घट्ट धरतील असे बूट हवेत. दर्ग्यात डोकं झाकायला पुरुषांनी रुमाल, बायकांनी ओढणी किंवा पदर. ओळखपत्रही जवळ असू द्या, औरंगजेबाच्या कबरीपाशी बंदोबस्त असतो. वही-पेन आणि शिंप्याकडची मोजपट्टी विसरायची नाही.

देवगिरी: चिनी महालापाशी वेळ द्या

गड उघडायच्या वेळेलाच पोचा. महाकोटाच्या दारांवरचे खिळे बघून आत शिरलात की डाव्या हाताला हत्ती हौद आणि भारतमातेचं मंदिर लागतं. तिथले खांब नीट बघा. मुबारक खिलजीच्या काळात, 1318 मध्ये, जुन्या देवळांचे खांब वापरून ही मशीद बांधली. हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसली. समोर बहमनी सुलतानाचा चांदमिनार. एवढं बघून रेंगाळू नका, पुढे चला.

बहुतेक माणसं इथून धापा टाकत थेट बारादरीकडे सुटतात आणि ज्या जागेसाठी आपण आलो ती त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला राहून जाते. चांदमिनार मागे टाकून पायऱ्या चढत गेलात की खंदकाच्या अलीकडे एक पडकी वास्तू लागते. समोरची उंच भिंत, कमानी, आणि भिंतीत कुठे कुठे शिल्लक राहिलेले निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांचे तुकडे. हा चिनी महाल. गोवळकोंड्याचा सुलतान सुमारे बारा वर्षं इथे कैदेत होता आणि 1699 च्या सुमारास कैदेतच गेला.

इथे किमान अर्धा तास बसा. मी लेकरांना तीन कामं देते. फरशांचा रंग अजून कुठे कुठे दिसतो ते मोजा. या जागेवरून गडाचा कुठला भाग दिसतो आणि कुठला दिसत नाही ते लिहा. आणि इथून बाहेर पडायचं म्हटलं तर किती दारं ओलांडावी लागतील ते मघाशी आलेल्या वाटेवरून आठवा. तिसऱ्या कामात पोरं रंगून जातात. एकेक दार, वळण, बुरूज आठवत खाली जातात, आणि हा गड बाहेरच्यासाठी जितका अवघड तितकाच आतल्यासाठीही, हे त्यांचं त्यांना कळतं. मला वेगळं सांगावं लागत नाही.

फरशांना हात लावू नका, लेकरांनाही लावू देऊ नका. जे उरलंय ते फार थोडं आहे. नावं कोरणारे इथेही येऊन गेलेत. तसं कुणी करताना दिसलं तर गप्प बसू नका, पहारेकऱ्याला बोलवा.

तिथून जवळच्याच बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड घडवलेलं आणि अंगावर औरंगजेबाचं नाव कोरलेलं. कैद्याचा महाल आणि कैद करणाऱ्याच्या नावाची तोफ एवढ्या जवळ बघायला मिळतात, म्हणून ही जोडी एकत्रच दाखवा.

खंदकावरचा पूल, अंधारी, पुढची बारादरी हे अंगात बळ असेल तर करा. अंधारीत वटवाघळं आहेत आणि पायऱ्या निसरड्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना खाली सावलीत बसवून जा. वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. एकनाथ महाराजांचे गुरू या गडाचे किल्लेदार होते, हे ठाऊक असलेली वारकरी मंडळी तिथे डोकं टेकवायलाच चढतात.

कागजीपुरा

गड उतरून खुलताबादकडे निघालात की कागजीपुरा लागतो. हातकागद बनवणाऱ्यांचं हे गाव, आणि तुघलकानं राजधानी देवगिरीला हलवली तेव्हापासून हे काम इथे चालत आल्याचं सांगतात. थांबून थोडा कागद विकत घ्या. दुपारच्या नोंदी त्याच्यावर करा, लेकरं अक्षर सुद्धा बरं काढतात.

खुलताबाद

घाट चढून वर आलात की हवा बदलते. भाकरी गावात शिरण्याआधी झाडाखाली खाऊन घ्या, मग फिरताना हातात काही नको.

इथे विचारताना "तानाशाहची कबर कुठंय?" असं विचारलंत तर पुष्कळदा लोक औरंगजेबाच्या कबरीकडेच बोट दाखवतात, कारण बाहेरचा माणूस तेवढ्यासाठीच आलेला असतो. म्हणून "शाह राजू कत्ताल यांचा दर्गा कुठे?" असं विचारा. म्हाताऱ्या माणसाला विचारा, सलाम करून, चाचा म्हणून. नुसता रस्ता सांगून तो थांबणार नाही, बरोबरही येईल. आमच्या गावातली माणसं अशी आहेत.

दर्ग्यात चप्पल बाहेर, डोकं झाकलेलं, आवाज खाली. काही दर्ग्यांत आतल्या दालनात बायकांना जाता येत नाही, दारातच विचारून घ्या. फोटो काढायच्या आधी परवानगी मागा, आणि कुणी फातेहा वाचत असेल तर ते संपेपर्यंत थांबा. आपण पाहुणे असतो.

याच आवारात तानाशाहची कबर आहे. साधी. हैदराबादला त्याच्या पूर्वजांच्या कबरी ज्यांनी पाहिल्यात, ते उंच चौथरे, ते प्रचंड घुमट, त्यांना इथे उभं राहिल्यावर पोटात कालवतं. पण ही जागा त्याला उगाच मिळालेली नाही. शाह राजू कत्ताल हे गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाजांचे वडील. तुघलकाच्या काळात ते दिल्लीहून इकडे आले आणि इथेच गेले. त्याच घराण्यातले, शाह राजू हेच नाव असलेले एक संत पुढे हैदराबादेत राहत होते, आणि तरुणपणी, गादी मिळायच्या कितीतरी आधी, अबुल हसन त्यांचाच शिष्य होता. राज्य गेलं, पूर्वजांच्या शेजारची जागाही गेली, तरी गुरूच्या घराण्याची सावली त्याला मिळाली. सकाळी चिनी महालात अर्धा तास बसलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं ते मी खूप चेहऱ्यांवर पाहिलंय. क्रमाचा आग्रह मी याच क्षणासाठी धरते.

मग औरंगजेबाच्या कबरीकडे जा. जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली. 1707 मध्ये तो अहिल्यानगरला, तेव्हाच्या अहमदनगरला, मेला आणि इथे आणला गेला. भोवतीची संगमरवरी जाळी बरीच नंतर, निजामाच्या काळात बसवलेली आहे. हरवणारा आणि हरलेला एकाच गावात. रस्त्यापलीकडे बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात पहिला निजाम आसफजाह आहे. ही तीन आवारं तासा-दीड तासात होतात.

पाय दुखत नसतील तर मलिक अंबरची कबर चुकवू नका. ती गावाच्या बाहेरच्या अंगाला आहे, घुमटाची. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा आधार झाला, खडकी शहर, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्यानं वसवलं, त्या शहराला नहरीनं पाणी आणलं आणि 1626 मध्ये मरेपर्यंत मुघलांना दख्खनमध्ये सुखानं पाय रोवू दिले नाहीत. माझ्या मते या गावातली ही सगळ्यात मोलाची कबर आहे, आणि तिथे सगळ्यात कमी माणसं जातात.

दोन रकाने

आता वहीचं. पानावर उभी रेघ मारा. एका बाजूला "पाहिलं", दुसऱ्या बाजूला "ऐकलं". लेस्टरचा दगडी खांब पहिल्या रकान्यातला, नदीत फेकलेली हाडं दुसऱ्यातली. ऐकलेलं टाकून द्यायचं नाही, कोण सांगतंय तेही लिहायचं, फक्त दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

"पाहिलं" मध्ये हे लिहा: दार कुठल्या दिशेला, लांबी-रुंदी, दगड की चुना, आसपास झाड किंवा आड, लेख असेल तर त्याचा सरळ समोरून फोटो. आपल्याकडच्या जुन्या कबरींच्या माथ्याकडे लक्ष द्या. मधोमध लांबट उंचवटा, कलमदानासारखा, असेल तर ती बहुधा पुरुषाची. माथा पाटीसारखा सपाट असेल तर बाईची. हे एकदा कळलं की लेकरं प्रत्येक कबरीपाशी थांबून आपापसात ठरवू लागतात. शेतात उभे असलेले वीरगळ आणि सतीशिळाही अशाच वाचता येतात: सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो.

विचारताना प्रश्नात उत्तर घालू नका. "ही अमक्याची कबर ना?" म्हटलं की समोरचा मान हलवतो. "ही कुणाची म्हणतात?" असं विचारा. दोन माणसांना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी वेरूळला भोसल्यांची गढी, घृष्णेश्वर आणि शूलिभंजन जमतं. जालन्याकडचे लोक सिंदखेडराजा करू शकतात. लखुजी जाधवरावांचा 1629 मध्ये देवगिरीवरच खून झाला आणि त्यांची समाधी सिंदखेडला आहे. तिथे तर 2024 मध्ये समाधीच्या जतनाचं काम चालू असताना जमिनीखाली शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. गड एका गावी, समाधी दुसऱ्या गावी, म्हणजे वरचाच क्रम तिथेही लागू पडतो.

घरी आल्यावर नोंदींच्या दोन प्रती काढा, एक शाळेच्या कपाटात आणि एक गावच्या वाचनालयात ठेवा. हेच काम मग आपल्या गावात करा, पाणंदीला लागून उभ्या असलेल्या शेंदूर फासलेल्या दगडापासून सुरुवात झाली तरी चालेल. प्रत्येक पानावर तारीख, गावाचं नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव शाईनं घाला.